ड्रॅग लिंक सायलेन्सरच्या पाइपाला पुन्हा पुन्हा का घासते

जुना ट्रक घरीच दुरुस्त करून चालता करायला घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. स्टिअरिंगचं काम झालं, सायलेन्सर बसला, गाडी अंगणात छान चालली, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर तेच दुखणं परत आलं, असं तुमच्याकडं होत असेल तर आधी लक्षणं जुळवून बघा.

स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवून पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली की खालून ‘खट्ट’ असा एकच आवाज येतो. रिव्हर्सला तो येत नाही. ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाच्या बॉल जॉइंटचं (गोळीच्या सांध्याचं) रबर फाटतं आणि ग्रीस पातळ होऊन खाली गळतं. थोड्या दिवसांनी स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. त्याच सुमारास मॅनिफोल्डखालच्या (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याखालच्या) फ्लँजचं, म्हणजे पाइपाच्या बोल्टवाल्या सांध्याचं, पॅकिंगही फुंकायला लागतं, ‘फट्‌फट्’ ऐकू येतं आणि फ्लँजभोवती काजळी धरते. जॉइंट बदलला, पॅकिंग बदललं की महिना-दोन महिने शांतता, मग परत तेच.

आमची गाडी टाटा १२१०, परभणीचा एमएच २२ हा नंबर सुरू व्हायच्या आधीची. १९५४ साली जमशेदपुरात डायमलर-बेंझच्या करारातून टाटाचे ट्रक बनायला लागले, तो करार १९६९ ला संपला, आणि नाकावरच्या मर्सिडीजच्या ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. आमच्या गाडीवर तो ‘टी’ आहे. आबांनी तिच्यावर कापूस वाहिला, ऊस वाहिला. नंतर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, लिंबाच्या झाडाखाली ती बरीच वर्षं उभी राहिली. आबा गेल्यावर भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. मला ती द्यायची नव्हती. गाडी चालती करायची, आबांनी ठेवली होती तशी ठेवायची, एवढंच मनात धरून काम सुरू केलं.

तीन वेळा काय केलं

पहिल्यांदा वाटलं, जॉइंटच हलका मिळाला. दुसरा आणला, बसवला. दीड महिन्यात रबर फाटलं.

दुसऱ्यांदा खाली शिरून बघितलं तर पाइप लिंकच्या जवळून जातोय हे दिसलं. आमच्या गाडीत मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग दोन्ही उजव्या बाजूला आहेत. मॅनिफोल्डमधून खाली उतरणारा पाइप ड्रॅग लिंकच्या वरून आडवा जाऊन मग चेसीच्या आतून मागं वळतो. गॅरेजवाल्यानं पाइप गॅसवर लाल करून हातोड्यानं त्याला खळी पाडली. बोटभर जागा झाली. पुढच्या फेरीत फ्लँजचं पॅकिंग गेलं आणि खळीच्या कडेला बारीक चीर पडली.

तिसऱ्यांदा नांदेडहून अख्खी ड्रॅग लिंक आणली, दोन्ही टोकांच्या जॉइंटसह. तीन वेळच्या खर्चात ही रक्कम सगळ्यात मोठी होती. अडीच महिन्यांत परत ‘खट्ट’.

गावाकडं एक उस्ताद आहेत, आबांच्या काळापासून ट्रकचंच काम करतात. आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून गॅरेज मुलाकडं दिलंय. त्यांना गाडीवर बसवून आखाड्यावर आणलं. ते खाली शिरलेच नाहीत. बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला आणि म्हणाले, “आरं, पार्ट कामून बदलायलास सारखा? आधी इंजिन कुठं बसलंय ते बघ की.”

दुखणं लिंकमध्ये नव्हतं

उस्तादांच्या त्या एका वाक्यानंतर मी दोन दिवस फक्त मोजमाप घेतलं. एक पानाही फिरवला नाही.

सुरुवात धुण्यापासून केली. आमच्याकडची काळी माती लिंकवर बसून वाळली की दगडासारखी होते आणि तिच्याखाली काय चाललंय ते दिसतच नाही. तारेच्या ब्रशनं माती काढून रॉकेलच्या फडक्यानं लिंक पुसली. तेव्हा दिसलं. मधोमध, वरच्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा चकाकता डाग. त्याच्या कडेला धातू थोडा निळसर झालेला. वर पाइपावर तसाच डाग, थोडा लांबट. ही खूण सापडली की अंदाज करायची गरज उरत नाही. तुमच्याकडंही आधी हीच शोधा. सापडली नाही तर या लेखातलं पुढचं तुमच्या कामाचं नाही. तुमचा जॉइंट दुसऱ्या कारणानं जातोय.

मग प्रश्न हा, की गाडी उभी असताना तर लिंक आणि पाइप यांच्यात चांगली जागा दिसते. मग घासतं कधी?

मी सायलेन्सर बसवला तेव्हा चेसी घोड्यांवर (स्टँडवर) होती आणि पुढचा ॲक्सल लोंबकळत होता. खाली शिरून काम करायला ते सोयीचं पडतं, सगळे तसंच करतात. त्या स्थितीत मोजलं तर फट ४८ मिलिमीटर. गाडी चाकांवर उतरवली, फट २० मिलिमीटर. इथंच माझी चूक होती. ड्रॅग लिंकचं एक टोक ड्रॉप आर्मला (स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणाऱ्या दांड्याला), म्हणजे चेसीला धरलेलं असतं, दुसरं टोक चाकाच्या स्टिअरिंग आर्मला, म्हणजे ॲक्सलला. पाइप मात्र इंजिनासोबत चेसीवर बसलेला. पाटे (स्प्रिंगा) दबले की चेसी खाली येते, पाइप खाली येतो, पण लिंकचं चाकाकडचं टोक जागेवरच राहतं. पाइप लिंकच्या मधोमध आडवा जात असेल तर पाटे जेवढे दबतात त्याच्या साधारण निम्मी फट कमी होते. लोंबकळत्या ॲक्सलवरून जमिनीवर येताना पाटे ५५-५६ मिलिमीटर दबले, फट २८ नं कमी झाली. हिशेब तंतोतंत बसला.

पुढं माल भरला की पाटे आणखी दबणार. शेजाऱ्याकडून सोयाबीनची पोती उसनी आणली, केबिनच्या पाठीला टेकून रचली. मागं टाकून उपयोग नाही, तो भार मागच्या ॲक्सलवर जातो. पुढचे पाटे २४-२५ मिलिमीटर दबले आणि फट ८ वर आली. खड्ड्यात ब्रेक मारला की पुढचा भाग आणखी वाकतो, ते वेगळंच.

उरलेले ८ मिलिमीटर इंजिनानं खाल्ले. पुढून बघितलं तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. गाडी जोर लावून उचलताना त्या जोराची उलट प्रतिक्रिया इंजिन आणि गिअरबॉक्सवर येते आणि ते ड्रायव्हरच्या बाजूला, उजवीकडं, खाली दबतात. पहिल्या गिअरमध्ये हा जोर सगळ्यात जास्त. रिव्हर्सला दिशा उलटते, उजवी बाजू वर उचलली जाते, म्हणून रिव्हर्सला आवाज येत नाही. माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ती, रबरं चांगली असतील तर हे दबणं थोडंच असतं. आमच्या गाडीचं उजवं रबर डिझेल आणि ऑइल पिऊन फुगलेलं, खालून फाटलेलं, आणि डाव्यापेक्षा १४ मिलिमीटरनं खाली बसलेलं होतं. उस्तादांचा हात नेमका त्यावर गेला होता.

आणि पूर्ण उजवीकडंच का? ड्रॉप आर्म लंबकासारखा झुलतो. टोकाला गेला की त्याचं खालचं तोंड वर उचललं जातं आणि लिंकही त्याच्यासोबत थोडी वर येते. भार, जोर आणि वळण हे तिन्ही एकदम आले की लिंक पाइपाला लागते. अंगणातल्या रिकाम्या फेरीत हे तिन्ही कधीच एकत्र येत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी काम झाल्यावर गाडी ‘ठीक’ वाटायची.

रबर फाटण्याचं कारणही हेच. लिंकला झटका बसला की तो थेट बॉल जॉइंटमध्ये जातो. शिवाय पाइप एवढ्या जवळ असल्यावर उष्णतेनं ग्रीस पातळ होऊन गळतं, रबर कडक होऊन तडकतं, आत धूळ शिरते. नवीन जॉइंट कितीही चांगला आणा, त्याच्या नशिबी तेच येणार.

पॅकिंगचं कारण मला वेगळं वाटत होतं, तेही याच धाग्यात निघालं. मूळ रचनेत मॅनिफोल्डनंतरच्या पाइपात वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल तुकडा असतो, कारण इंजिन रबरावर हलतं आणि सायलेन्सर चेसीला बांधलेला असतो. आमच्या गाडीत कधीतरी तो तुकडा काढून तिथं सरळ पाइप वेल्ड केलेला. इंजिन खाली दबलं की सगळा ताण फ्लँजवर. पॅकिंग दोन ताणांमध्ये चेपून फुंकायला लागायचं. त्यात लोखंड तापून वाढतं. एक मीटर पोलादी पाइप ३०० अंश सेल्सिअसनं तापला तर साधारण साडेतीन मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकांना घट्ट धरलेल्या पाइपानं ती वाढ कुठं सोडायची?

कणकेची तपासणी

चालत्या गाडीखाली शिरून फट मोजता येत नाही आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये. उस्तादांनी सांगितलेला उपाय घरातला आहे. घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा पाइप आणि लिंक यांच्यामध्ये लिंकवर दाबून बसवायचा. पाइप गार असतानाच. मी आधी आईकडून ज्वारीचं पीठ भिजवून घेतलं, ते तडकून पडलं. गव्हाचीच कणीक लागते, आणि थोडं तेल लावून मळलेली, म्हणजे वाळत नाही आणि पाइपाला चिकटून ओढली जात नाही.

गोळा बसवला की सगळ्यांनी गाडीखालून आणि गाडीपुढून बाहेर यायचं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. केबिनमध्ये एकजण. पहिला गिअर, क्लच हळू सोडत इंजिनाला जोर येईपर्यंत आणायचं, गाडी हलायच्या आत परत दाबायचं. स्टिअरिंग सरळ असताना एकदा, पूर्ण उजवीकडं एकदा, पूर्ण डावीकडं एकदा. दर वेळी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग खाली जाऊन चपटा झालेला गोळा अलगद काढायचा आणि जिथं सगळ्यात पातळ झालाय तिथं सुरीनं कापून जाडी मोजायची. इंजिन काही सेकंदच चालवा, पाइप तापला की कणीक भाजते आणि माप चुकतं.

आमच्या गोळ्याला आरपार भोक पडलं. कडेला पाइपाची गोलाई छापल्यासारखी उमटली होती. आईनं तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, “एवढं जवळ येतंय का रे हे लोखंड?”

ही तपासणी रिकाम्या गाडीवर करू नका. पुढं भार टाकूनच करा. आणि बंद शेडमध्ये करू नका. फुटक्या पॅकिंगमधून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. पत्र्याच्या शेडमधून गाडी बाहेर लिंबाखाली काढा.

कोणतं काम आधी

स्टिअरिंग आणि सायलेन्सर ही दोन वेगळी कामं आहेत असं धरून चाललो तिथंच घोटाळा झाला. खरं तर आधी इंजिन जागेवर बसवायचं, मग पाटे, मग स्टिअरिंग, आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. आम्ही उलटं केलं होतं.

माउंटिंगची रबरं जोडीनं बदला. एकच बदललं तर इंजिन दुसऱ्या बाजूला कलतं. मागची, गिअरबॉक्सकडची रबरंही बघा. इंजिन उचलताना जॅक ऑइल चेंबरला थेट लावू नका, तो पत्रा दबतो. माउंटिंगच्या ब्रॅकेटजवळ जाड लाकडी ठोकळा ठेवून उचला आणि एका वेळी एकच बाजू सोडा. रबर बदलण्याआधी फ्लँजचे बोल्ट सैल करा, नाहीतर इंजिन वर येताना जुना पाइप मॅनिफोल्डला ओढतो आणि कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड तडकू शकतो. आम्ही रबरं बदलली तेव्हा पाइपाची जागा सोळाएक मिलिमीटरनं वर आली. एवढ्या एका कामानं अर्धी लढाई संपली.

पाट्यांमध्ये तुटलेला पाटा, सरकलेला सेंटर बोल्ट आणि ढिले यू बोल्ट बघा. उजवा गठ्ठा डाव्यापेक्षा खाली बसला असेल तर ड्रॅग लिंकची सगळी गणितं बिघडतात.

स्टिअरिंग बॉक्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं चुकलेलं नंतर सापडत नाही. बॉक्स चेसीला जिथं धरलेला असतो तिथं आधी बघा. एकानं केबिनमध्ये स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं बॉक्स आणि चेसी यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. बोटाला हालचाल जाणवली तर बोल्ट ढिले आहेत किंवा ब्रॅकेटला चीर आहे. जुन्या गाड्यांत गंजाखाली चीर लपलेली असते.

मग बॉक्सचा मध्य काढा. ड्रॅग लिंक सोडवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हातानं फिरवा, टोकाला आपटू नका, आतल्या गोळ्यांच्या नळ्यांना मार बसतो. पूर्ण फेऱ्या मोजा आणि निम्म्यावर आणून थांबा. रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत गोळ्या फिरणारा, बॉक्स मध्यावर सगळ्यात कमी प्ले ठेवतो, सरळ रस्त्यावर गाडी घट्ट धरावी म्हणून. तुम्ही मध्य सोडून भलत्याच ठिकाणी चाकं सरळ जुळवली तर नव्या बॉक्सलाही सरळ रस्त्यावर प्ले येईल, आणि ‘बॉक्स गेला’ म्हणून तुम्ही तो विनाकारण उघडाल.

ड्रॉप आर्म आणि शाफ्ट यांच्यावर जुळवणीच्या खुणा असतात. नसतील तर काढण्याआधी पंचनं स्वतः मारा. आर्म काढायला पुलरच वापरा. आमच्याकडं शाफ्टच्या तोंडावर घण घालायची पद्धत आहे, त्यानं शाफ्टचं बेअरिंग जातं.

बॉक्स मध्यावर, चाकं सरळ. आता ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची, लिंकला ओढून-ताणून बसवायचं नाही. काही लिंकांची लांबी ठरलेली असते. तिथं जमत नसेल तर आर्म एक दात चुकलाय किंवा ॲक्सल सरकलाय, ते शोधा.

बॉल जॉइंटचा निमुळता दांडा आणि आर्ममधलं भोक, दोन्ही कोरडे आणि स्वच्छ पुसून बसवायचे. तिथं ग्रीस लावायचं नाही. दांडा भोकात नीट बसतो का हे बघायला त्याला खडूच्या रेघा मारा, हातानं घालून थोडा फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळीकडं सारख्या पुसल्या गेल्या तर ठीक. फक्त एका टोकाला पुसल्या गेल्या तर भोक झिजलंय किंवा जॉइंट दुसऱ्या मापाचा आहे, तो बसवू नका. नट आवळताना दांडाच फिरत असेल तर खालून ठोकळा आणि जॅकनं थोडा दाब द्या, निमुळता भाग धरतो. नटाची खाच आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढं आवळा, मागं कधीच सोडू नका. पिन दर वेळी नवी. रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

शेवटी स्टॉप बोल्ट, म्हणजे चाकाचं वळण अडवणारे बोल्ट. चाक दोन्ही बाजूंना स्टॉपवर टेकलं पाहिजे आणि त्या वेळी बॉक्समध्ये अजून थोडी फिरकी शिल्लक असली पाहिजे. आमचा उजवा स्टॉप बोल्ट झिजून आखूड झाला होता, म्हणून चाक जरुरीपेक्षा जास्त वळत होतं आणि लिंक जास्त वर येत होती. ही छोटी गोष्ट, पण ‘खट्ट’ उजवीकडंच येण्यात तिचा वाटा होता. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूनं किती आत वळलीत ते) गाडी चाकांवर उभी असताना, थोडी पुढं-मागं ढकलून स्थिरावल्यावरच बघा. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या.

सायलेन्सर, शेवटी

मॅनिफोल्डचे स्टड (रोवलेले बोल्ट) सुटत नसतील तर घाई करू नका. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, संध्याकाळी प्रयत्न करा. परभणीकडं मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी काम होत नाही, लोखंडाला हात लावला की भाजतो. मी सकाळी सहा ते दहाच काम करायचो. त्यामुळं तेलाला मुरायला आपोआप वेळ मिळाला आणि आठपैकी एकच स्टड तुटला.

जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये आणि पाइपावर गुंडाळलेल्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं खरवडू नका, हवेनं उडवू नका. पाण्यानं ओलं करून काढा, पिशवीत बांधा, तोंडाला नीट मास्क लावा. साधा रुमाल पुरत नाही.

फ्लँजचं तोंड सपाट आहे का ते काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. डुलत असेल तर घासून सपाट करा. दोन पॅकिंग एकावर एक घालणं, वर सीलंट फासणं हा इलाज नाही. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट मिळाले तर तेच घ्या, पुढच्या वेळी सुटतील.

पाइप आम्ही नवीन वाकवून घेतला. गरम करून खळी पाडलेला जुना पाइप टाकून दिला. खळीनं आतली वाट अरुंद होते, धूर अडतो, आणि तिथलाच पत्रा आधी फुटतो. नवा पाइप लिंकवरून जाण्याआधी थोडा वर धरून मागं नेला, आणि फ्लेक्सिबल तुकडा परत घातला. पहिला ब्रॅकेट चेसीवरून काढून गिअरबॉक्सच्या घरावर नेला, म्हणजे फ्लेक्सिबलच्या आधीचा सगळा पाइप इंजिनासोबतच हलतो. फ्लेक्सिबलच्या मागचं सगळं चेसीवर, रबरी हँगरवर. आधी सगळं सैल लटकवलं, कुठं ताण नाही हे हातानं हलवून बघितलं, मग मॅनिफोल्डकडून मागं आवळत गेलो. दोनदा गरम-गार झाल्यावर, गार असताना परत एकदा आवळलं.

बॉल जॉइंट आणि पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावलाय, दोन्हींपासून मोकळा, मधून हवा खेळेल असा. पाइपाला पट्टी गुंडाळण्याचा सल्ला मला मिळाला होता. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि पाइप पट्टीखाली गंजतो, म्हणून टाळलं. ब्रेकचा रबरी पाइप आणि डिझेलची नळी या नव्या वाटेच्या जवळ येत नाहीत ना, तेही बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पाइपाला जागा करून देण्यासाठी ड्रॅग लिंक, टाय रॉड, ड्रॉप आर्म किंवा चाकाचा स्टिअरिंग आर्म गॅसवर तापवून वाकवू नका, त्यांना वेल्डिंग करू नका, ग्राइंडर लावू नका. हे भाग ठोकून घडवलेले आणि ठरलेल्या उष्णतेवर कडक केलेले असतात. तापवले की त्यांचा कस जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ऊस भरलेली गाडी उतारावर असताना ते तुटतात. मला एका ठिकाणी सहज म्हणून हे सुचवलं गेलं होतं, ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून. मी गाडी तिथून काढून आणली.

हे याच दुखण्यासारखं दिसतं, पण नाही

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), व्हील बेअरिंग आणि ड्रम बघा, पाइपाचा संबंध नाही. स्टिअरिंग जड झालं असेल तर बहुतेक वेळा किंग पिनचं थ्रस्ट बेअरिंग कोरडं असतं. चाक जॅकवर उचलून ग्रीस मारा, तरच ते आत जातं. आवाज रिव्हर्सलाही तसाच येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस तपासा. आणि काजळी फ्लँजला नसून मॅनिफोल्ड आणि हेडच्या मध्ये धरत असेल तर मॅनिफोल्ड वाकलाय, सरळ पट्टी ठेवून बघा.

आता

सगळं झाल्यावर परत पोती रचली, परत कणीक मळली. या वेळी गोळा चपटा झाला, पण फुटला नाही. सगळ्यात पातळ जागी १९ मिलिमीटर. रिकामी उभी असताना ३६, भार टाकून २४, पहिल्या गिअरला जोर लावून आणि स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं असताना १९. त्यानंतर गाडी भरून गंगाखेडला गोदावरीच्या पुलापलीकडं नेऊन आणली, चारदा. लिंकवर मी पिवळ्या रंगाचा पट्टा मारून ठेवलाय, जिथं आधी डाग पडला होता तिथंच. दर रविवारी धुऊन बघतो. रंग अजून शाबूत आहे, पॅकिंग कोरडं आहे, जॉइंटचं रबर मऊ आहे.

ते तीन आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहिलेत, खाली तारीख टाकून: ३६, २४, १९. आबांनी तिथंच, त्यांच्या हातानं, ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती.